नदीला पूर आलाय हे माहीत असून न सांगणं: गुन्हा की फक्त पाप?

नदीकाठ (धागाकर्ता)

एक वाटसरू नदी उतरून पलीकडे जायला निघालाय. पाणी चढलंय, आता उतार मिळणार नाही, हे काठावर बसलेल्या दुसऱ्या माणसाला पक्कं ठाऊक आहे. तो काही बोलत नाही. वाटसरू वाहून जातो. काठावर बसलेल्याने गुन्हा केला का?

हे उदाहरण मेकॉलेचं आहे. १८३७ साली त्याच्या अध्यक्षतेखालच्या कायदा आयोगाने भारतीय दंड संहितेचा मसुदा दिला, त्याला जोडलेल्या टिपणांत ते आहे. त्याचं उत्तर असं: काठावरचा माणूस प्रवाशांना सावध करायला सरकारने नेमलेला शिपाई असेल तर तो खून. वाट दाखवायचा करार केलेला वाटाड्या असेल तरी खून. पण त्या वाटसरूचा त्याच्यावर माणुसकीखेरीज दुसरा कसलाच हक्क नसेल, तर गुन्हा नाही. भुकेल्याचंही तसंच. कैद्याला उपाशी मारणारा तुरुंगाधिकारी खुनी, तान्ह्या लेकराला उपाशी मारणारा बाप खुनी. दारात आलेल्या भिकाऱ्याला हाकलणारा श्रीमंत मात्र नाही, मग तो भिकारी पायरीवर मेला तरी.

मेकॉलेला हा श्रीमंत माणूस चांगला वाटत होता असं अजिबात नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की फौजदारी कायद्याने लोकांना दुसऱ्याचं वाईट करण्यापासून रोखावं आणि तिथे थांबावं. चांगलं करायला लावण्याचं काम लोकमताचं आणि नीती-धर्म शिकवणाऱ्यांचं. हीच रेघ १८६० च्या दंड संहितेत उतरली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती तशीच आहे. अनोळखी माणसाला वाचवण्याचं सर्वसाधारण कर्तव्य आपल्या फौजदारी कायद्यात आजही नाही.

आता आपल्याकडचं बघा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. एसटीच्या दोन बस आणि आणखी काही वाहनं पाण्यात गेली. अंधारात पूल नाहीसा झाल्याचं जवळच्या एका गॅरेजमधल्या कामगाराच्या लक्षात आलं आणि त्याने येणाऱ्या गाड्या थांबवायला धडपड केली, असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. त्या माणसावर कायद्याने काहीही बंधन नव्हतं. तो खोलीत जाऊन झोपला असता तरी त्याला कोणी हात लावू शकलं नसतं. मला हे मान्य होत नाही. ज्याला फक्त हात दाखवायचा किंवा फोन करायचा आहे, स्वतःला कसलाही धोका नाही, आणि समोर जीव जाताना दिसतोय, त्याने गप्प बसणं हा गुन्हा असायला हवा असं माझं ठाम मत आहे. शिक्षा लहान असो. पण तो गुन्हा आहे हे संहितेत लिहिलेलं असावं.

वकील, डॉक्टर, पोलीस खात्यातली मंडळी इथे आहेत. त्यांना काय वाटतं?

---

काळीमाती

पूर्ण सहमत. अपघातात माणूस विव्हळत पडलेला आणि लोक मोबाईलवर शूटिंग करतायत, हे बघून रक्त उसळतं. ज्याचा हात फोनपर्यंत पोचलाय, त्याला १०८ लावायला काय होतं?

---

ॲड_मुक्ता

नदीकाठ, विषय फार चांगला मांडलात. थोडी भर घालते, कारण "आपल्याकडे कर्तव्यच नाही" हे अर्धंच खरं आहे.

सर्वसाधारण कर्तव्य नाही, पण तुकड्यातुकड्यांनी पुष्कळ आहेत. अपघात करणाऱ्या चालकाने जखमीला दवाखान्यात पोचवायचं, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये आहे. असहाय्य माणसाची देखभाल करण्याचा करार करून त्याला वाऱ्यावर सोडणं हा न्याय संहितेत कलम ३५७ खाली गुन्हा आहे. खून, दरोडा अशा ठरावीक गंभीर गुन्ह्यांची माहिती असेल तर ती पोलिसांना देणं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ नुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे. बलात्कार किंवा ॲसिड हल्ल्यातल्या पीडितेवर मोफत प्रथमोपचार नाकारणाऱ्या रुग्णालयाच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि सगळ्यात व्यापक म्हणजे पॉक्सो. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलेल्या कोणत्याही व्यक्तीने ते कळवलंच पाहिजे (कलम १९), नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद (कलम २१). इथे नातं, नोकरी, करार काहीच लागत नाही. माणुसकीचा हक्क कायद्याचा हक्क झालेला आहे.

म्हणजे मेकॉलेची रेघ आपण आधीच ओलांडली आहे. खरा प्रश्न असा, की ती कुठे कुठे ओलांडायची आणि त्यातून ज्याला वाचवायचं त्याचं भलं होतं का.

मेकॉलेचा तिथलाच आणखी एक दाखला महत्त्वाचा आहे. कलकत्त्यातल्या एका शल्यवैद्याशिवाय ती शस्त्रक्रिया करणारं देशात दुसरं कोणी नाही, आणि रोगी मेरठला आहे. वैद्य गेला नाही म्हणून त्याला खुनी म्हणायचं का? नाही म्हणत असाल, तर किती कोसांवरून पुढे "हो" म्हणायचं? ही मोजपट्टी कायद्याला आखता येत नाही, ही त्याची अडचण होती. ती आजही सुटलेली नाही.

---

बोरघाट

मी घाटाखालच्या गावात राहतो. आमच्याकडे रात्री-अपरात्री मोठा आवाज आला की पोरं टॉर्च, दोर, पहार घेऊन धावतात. कोणी बोलवायला लागत नाही.

मदत न करणाऱ्याचा कायदा करायच्या आधी मदत करणाऱ्याचं काय व्हायचं ते ऐका. जखमीला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं की पहिला प्रश्न, "तुमच्याच गाडीने उडवलं का?" मग नाव, पत्ता, सही. मग डिपॉझिट कोण भरणार? मग चौकीत जबाब. मग तीन-चार वर्षांनी समन्स, ते पण सुगी चालू असताना. कोर्टात गेलं की तारीख पुढे. हे सोसलेल्या माणसांनी आपल्या पोरांना सांगितलं, पुढच्या वेळी लांबूनच बघा. ती पोरं वाईट नव्हती. त्यांना व्यवस्थेने लांब उभं राहायला शिकवलं.

---

डॉ_निशिगंध

बोरघाट यांचं शब्दशः खरं आहे, आणि यात आमच्या व्यवसायाची मोठी जबाबदारी आहे. "पोलीस केस आहे, सरकारी दवाखान्यात न्या" हे वाक्य खाजगी रुग्णालयांच्या दारात वर्षानुवर्षं बोललं गेलंय. सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगितलं होतं, की आधी जीव वाचवा, कागद नंतर. सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरवर ते बंधन आहे.

मदत करणाऱ्यांसाठी मात्र २०१६ पर्यंत थांबावं लागलं. ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. जखमीला आणणाऱ्याने नाव सांगायची सक्ती नाही. त्याला थांबवून ठेवता येत नाही, पैसे मागता येत नाहीत. साक्षीदार व्हायचं की नाही हे तो ठरवणार. हे आमच्या कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लावलेलं आहे, तरी रात्रीच्या पाळीतल्या नव्या कर्मचाऱ्याला मला दर वेळी पुन्हा सांगावं लागतं. हा नियम लोकांपर्यंत पोचलेला नाही. लोकांना अजून बोरघाट यांनी सांगितलेला काळच माहीत आहे.

---

हॅनोवरकर

मी अकरा महिन्यांचा करार म्हणून जर्मनीत आलो आणि इथलाच झालो, त्यामुळे दुसऱ्या बाजूचा अनुभव देतो.

इथे दंड संहितेचं कलम ३२३क आहे. अपघात, संकट किंवा सामूहिक धोका असताना, स्वतःला मोठा धोका न पत्करता आणि दुसरं महत्त्वाचं कर्तव्य न मोडता मदत करता येत असूनही जो करत नाही, त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. २०१६ साली एसेन शहरात एका बँकेच्या एटीएमच्या जागेत एक ऐंशी ओलांडलेले गृहस्थ कोसळले. कॅमेऱ्यात दिसलं, की एकामागून एक ग्राहक आले, कोणी वळसा घालून तर कोणी थेट ओलांडून मशीनपाशी गेले, पैसे काढून निघून गेले. शेवटी एकाने फोन केला. ते गृहस्थ पुढे रुग्णालयात वारले. २०१७ मध्ये तिघांना न्यायालयाने दंड ठोठावला. त्यांचं म्हणणं होतं, की आम्हाला कोणी बेघर माणूस झोपलाय असं वाटलं. न्यायालयाने ते मानलं नाही.

लक्षात घ्या, त्यांना मृत्यूसाठी जबाबदार धरलं नाही. मदत वेळेवर मिळाली असती तरी ते वाचले असते का, हा प्रश्न वेगळा. गुन्हा होता तो फक्त न थांबण्याचा. मला हे योग्य वाटतं. नदीकाठ म्हणतात तसं "लहान शिक्षा, पण लिहिलेली", ते इथे प्रत्यक्षात आहे.

आणखी एक. इथे वाहन परवाना हवा असेल तर आधी प्रथमोपचाराचा वर्ग करावा लागतो. कायदा नुसता धाक घालून थांबत नाही, हात कसा लावायचा हेही शिकवतो.

---

तर्कशुद्ध

हॅनोवरकर, या कलमाचा जन्म कधीचा आहे तेही इथे यायला हवं.

जर्मनीत ते व्यापक रूपात १९३५ साली आलं. म्हणजे नाझी राजवटीत. आणि तेव्हाच्या शब्दरचनेत मदतीचं कर्तव्य "जनतेच्या निकोप भावने"शी जोडलेलं होतं. जनतेची भावना निकोप की रोगट हे कोण ठरवत होतं ते सांगायला नको. शब्दरचना युद्धानंतर बदलली. फ्रान्समध्येही असा कायदा पहिल्यांदा १९४१ मध्ये आला, नाझी जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी सरकारच्या काळात, जर्मन अधिकाऱ्यांवर हल्ले होऊ लागल्यावर. १९४५ मध्ये तो स्वतंत्र फ्रान्सने नव्याने केला.

कलम वाईट आहे असं मी म्हणत नाही. आजची जर्मनी-फ्रान्समधली कलमं चांगलीच आहेत. पण "शेजाऱ्याबद्दल कळवा, नाहीतर तुम्हीच गुन्हेगार" हे हत्यार माणुसकीच्या नावाने बनतं आणि हुकूमशहाच्या हातात बसतं. नीतीला कायद्याची काठी देताना ती काठी उद्या कोणाच्या हातात असेल हे आधी बघायला पाहिजे.

---

शिवारवाट

तर्कशुद्ध यांच्या मुद्द्याला आपल्याच मातीतली भर घालतो. गावाची नीती म्हणजे काय हे आम्ही जवळून पाहिलंय. जातीबाहेर लग्न केलं म्हणून कुटुंबाला वाळीत टाकायचं, त्यांच्याशी बोलेल त्यालाही दंड, मयताला खांदा द्यायला कोणी जायचं नाही. त्या प्रत्येकाला आपण धर्माने आणि नीतीने वागतोय असं मनापासून वाटत असतं. म्हणून तर महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा करावा लागला, देशातला असा पहिला. इथे कायदा लोकांच्या नीतीच्या मागे गेला नाही, तिच्या आडवा उभा राहिला. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत सांगितलं होतं, की संवैधानिक नीती ही उपजत भावना नसते, ती रुजवावी लागते. २०१८ मध्ये समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच आधार घेतला. समाजातल्या बहुसंख्यांना काय किळसवाणं वाटतं त्यावरून गुन्हा ठरत नाही.

तेव्हा नीती कायद्यात आणायची तर कोणाची, हे आधी सांगा.

---

नदीकाठ

शिवारवाट दादा, हा प्रश्न मी टाळणार नाही.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणी कोणाशी लग्न करावं, बंद दाराआड काय करावं, काय खावं, ही नीती मी कायद्यात मुळीच मागत नाही. तिथे तुमच्या बाजूने उभा राहीन. मी मागतोय ती एकाच प्रसंगापुरती: समोर कोणाचा तरी जीव जातोय. बुडणाऱ्याची जात, वागणूक, श्रद्धा यांचा तिथे संबंधच येत नाही. उलट वाळीत टाकलेल्या घराला आग लागली आणि गाव बघत उभं राहिलं, तर त्या गावाला आज कोणता कायदा पकडतो? बहिष्कार घालणं सिद्ध झालं तर ठीक. पण नुसतं बघत उभं राहणं? मला ज्या कर्तव्याचं कलम हवंय, ते सगळ्यात आधी अशाच माणसाच्या कामाचं आहे, ज्याच्यासाठी गाव आपणहून धावणार नाही.

---

शिवारवाट

हे पटलं. याच्यावर मी असा विचार केला नव्हता.

---

प्राजक्त_शिक्षिका

ॲड. मुक्ताताईंनी पॉक्सोचा उल्लेख केला, त्यावर थांबून बोलायला हवं, कारण मी आश्रमशाळेत शिकवते आणि हे कलम आमच्या रोजच्या जगण्यात आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या मुलींच्या वसतिगृहातलं प्रकरण आठवत असेल. आदिवासी मुलींवर अत्याचार झाले. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने माहिती असून कळवलं नाही असा आरोप होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला होता, तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये फिरवला आणि सांगितलं, की माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, अशा गप्प राहण्याने अपराध्यांना संरक्षण मिळतं. ते वाचून मला फार बळ आलं. मुलगी आमच्याकडे येऊन काही बोलते तेव्हा आमच्यावर वरून दबाव येतो, "संस्थेचं नाव जाईल, घरच्यांना बोलावून मिटवा." त्या वेळी "नाही कळवलं तर मी तुरुंगात जाईन" हे वाक्य मला वापरता येतं. एकट्या बाईला नीतीच्या जोरावर संस्थाचालकापुढे उभं राहणं अवघड असतं. कलमाच्या जोरावर थोडं सोपं होतं. कायद्याचा हा उपयोग पुस्तकात कोणी लिहीत नाही.

पण दुसरी बाजूही आहे. सतरा वर्षांची मुलगी, तिच्याच वयाच्या मुलावर प्रेम, दिवस गेले. ती डॉक्टरकडे जायला घाबरते, कारण डॉक्टर कळवणार आणि मुलाला उचलणार. मग ती गावातल्या कोणाकडून तरी औषध घेते. मुलीचा जीव धोक्यात येतो तो तिला वाचवायला केलेल्या कलमामुळे.

---

डॉ_निशिगंध

प्राजक्तताई, अगदी याच अडचणीवर सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या गर्भपाताच्या निकालात वाट काढली. संमतीच्या संबंधातून गरोदर राहिलेल्या अल्पवयीन मुलीने आणि पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरने कळवताना मुलीचं नाव आणि ओळख उघड करायची गरज नाही. ग्रामीण भागातल्या किती डॉक्टरांना हे माहीत आहे, याची काळजी वाटते. कृपया पुढे सांगा.

---

काळीमाती

हे सगळं वाचून माझं मत थोडं बदलतंय. शिक्षेची धमकी आली की लोक मदतीला येण्याऐवजी तिथून लवकर पळतील. "मी तिथे नव्हतोच" म्हणणं सगळ्यात सोपं. थांबलो आणि चुकलो तर अडकणार, गेलो तर कोणाला कळणार?

---

बोरघाट

बरोबर. चालकांचंही तेच. न्याय संहितेत १०६(२) आलं, अपघात करून न कळवता पळालास तर दहा वर्षं. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांनी चक्का जाम केला आणि सरकारला ते पोटकलम थांबवावं लागलं. शहरातल्यांना वाटलं ड्रायव्हर निर्दयी आहेत. पण थांबला तर जमाव जिवंत सोडत नाही, हे प्रत्येक ड्रायव्हरला माहीत आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये जमावाच्या रागाचा अपवाद आधीपासून लिहिलेला आहे, म्हणजे कायद्यालाही ते ठाऊक आहे. ड्रायव्हरने थांबावं असं वाटत असेल तर जमावाला आधी आवरा.

---

ॲड_मुक्ता

काळीमाती, बोरघाट, तुमचं म्हणणं हाच या चर्चेचा कणा आहे. माणूस थांबत नाही याची कारणं दोन: भीती आणि बेपर्वाई. भीती असेल तिथे शिक्षा घातली तर भीतीच वाढते. बेपर्वाई असेल तिथेच शिक्षेला अर्थ आहे. एसेनच्या एटीएममध्ये कोणालाही कसली भीती नव्हती. आपल्या महामार्गावर आहे. म्हणून जर्मन कलम जसंच्या तसं उचलून चालणार नाही. आधी १३४अ प्रत्येक चौकीत, प्रत्येक कॅज्युअल्टीत खरोखर पाळलं गेलं पाहिजे. ते मोडणाऱ्या पोलिसाला किंवा रुग्णालयाला शिक्षा झाल्याचं लोकांना दिसलं पाहिजे. त्यानंतर बघ्याकडे वळू.

आणि नदीकाठ, तुम्हाला विचारते, तुमचं कलम नेमकं कसं असेल? शब्दांत लिहून द्या. "माणुसकीने वागावं" असं संहितेत लिहिता येत नाही. आरोपीला आपण कुठे चुकलो हे आधीच वाचून कळलं पाहिजे.

---

नदीकाठ

लिहितो.

"एखाद्या व्यक्तीच्या जिवाला तात्काळ धोका आहे हे प्रत्यक्ष पाहिलेल्या आणि स्वतःला कोणताही धोका न पत्करता आपत्कालीन सेवेला कळवणं शक्य असलेल्या प्रौढ व्यक्तीने हेतुपुरस्सर कळवलं नाही, आणि दुसऱ्या कोणी आधीच कळवलेलं आहे असं मानायला तिच्याकडे वाजवी कारण नव्हतं, तर ती दंडास पात्र होईल."

पाण्यात उडी मारा, गाडीत घाला, असं काही नाही. फक्त ११२ किंवा १०८. मेरठपर्यंत कोणाला जायला लावलेलं नाही, त्यामुळे कोसांचा प्रश्न मिटतो. कैद नको, दंड पुरे. कळवणाऱ्याचं नाव गुप्त राहील आणि त्याला साक्षीला ओढलं जाणार नाही, हे त्याच कलमात असावं, वेगळ्या परिपत्रकात नको. आणि तर्कशुद्ध यांच्या भीतीसाठी: कर्तव्य धोक्यात असलेल्या माणसाबद्दल कळवण्याचं आहे, संशयित माणसाबद्दल कळवण्याचं नाही. हेरगिरीला त्यात जागा नाही.

---

तर्कशुद्ध

शेवटचा फरक मोलाचा आहे. एवढं अरुंद कलम असेल तर माझा विरोध नाही. फिर्याद दाखल करायला वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी मात्र हवी, नाहीतर गावातल्या जुन्या भांडणांत हे कलम आधी वापरलं जाईल.

---

हॅनोवरकर

सोबत शाळेत प्रथमोपचार सक्तीचा करा. रक्त थांबवता येत नाही म्हणूनही पुष्कळजण जवळ जात नाहीत.

---

ॲड_मुक्ता

मसुदा चांगला आहे, वादाला बसण्याइतका तरी नक्कीच. एक भगदाड दिसतंय. धोका ज्याने निर्माण केला त्याच्यावरही हे कर्तव्य येणार. भांडणात कोणी दुसऱ्याला ढकललं, तो विहिरीत पडला, आणि ढकलणाऱ्याने फोन केला, तर तो फोनच त्याच्याविरुद्ध पुरावा होणार. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही, हे अनुच्छेद २०(३) चं संरक्षण तो मागेल. फोन करायला भाग पाडायचं असेल, तर त्या फोनमधला मजकूर त्याच्याविरुद्ध वापरणार नाही असं कलमातच लिहावं लागेल. त्याने मृताचे नातेवाईक चिडतील. पण विहिरीतला माणूस अजून जिवंत असताना तो फोन यावा हे जास्त महत्त्वाचं, असं मला वाटतं. या एका पोटकलमावर बाकीच्यांचं मत वाचायला आवडेल, विशेषतः पोलीस खात्यात काम केलेल्यांचं.

---

माजी_जमादार

मुक्ताताई, तीस वर्षं खात्यात काढली. असा फोन पुराव्यातून वगळला तरी तपास अडत नाही, बाकीचे पुरावे असतात. जिवंत माणूस बाहेर निघाला तर तोच सगळ्यात मोठा साक्षीदार. ते पोटकलम जरूर घाला.